एकशे बेचाळिसावं मत

"अहो साहेब, अंगणात शंभर माणसं बसलीयत आणि तुम्हाला एकच पाहिजे?" गिल्बर्ट परेरा हातातला झारा हलवत म्हणाला. "ती पण माझी बायको? मला विचारा ना. मी तर उभा राहिलेलो!"

श्रीपादनं यादी पुढे धरली. "यादीतून ज्यांचं नाव निघालं त्यांनाच विचारायचं. तुमच्या बूथवरची पंचवीस नावं वरून आलीयत, बदलता येत नाहीत. चोवीस झाली. शेवटचं हे, ऑड्री गिल्बर्ट परेरा."

"आंटीला लॉटरी लागली!" गिल्बर्टची पुतणी शेरॉन ओरडली आणि सगळं अंगण हसलं.

श्रीपाद खोपटच्या डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला होता. घर फार शांत वाटू लागलं तेव्हा त्यानं हे सर्वेक्षणाचं काम धरलं. निवडणूक झाली की लोकांकडे जायचं, कशाकडे बघून मत दिलं ते विचारायचं, फॉर्म भरायचा. कुणी चहा देई, कुणी तोंडावर दार लावून घेई. पण हरलेल्या उमेदवाराच्या घरी जेवणावळ तो पहिल्यांदाच बघत होता. वर्तकनगरच्या मागच्या या जुन्या गावठाणातून गिल्बर्ट महापालिकेला अपक्ष उभा राहिला होता, किटली चिन्ह घेऊन, आणि सपाटून आपटला होता. तरी ज्यांनी मत दिलं त्यांना जेवायला घालायचंच, म्हणून रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्यानं मांडव टाकला होता.

त्यानं श्रीपादला बाजूला घेतलं. "आपल्या बूथवर मला एकशे एक्केचाळीस मतं पडली. मी घरोघरी फिरून मोजलेली एकशे बेचाळीस. एक जण फुटला. आणि तो कोण मला ठाऊक आहे. सिरिल. माझा सख्खा भाऊ! नारळाच्या झाडावरून भांडलेलो, त्याचा राग काढलान."

पलीकडच्या घराचं दार बंद होतं. मांडवात सगळं गावठाण होतं, फक्त सिरिल नव्हता.

ऑड्री स्वयंपाकघरात फुगे तळत होती. मूठ दाबून पिठाचा गोळा तेलात सोडला की तो टम्म फुगायचा आणि आपला आपणच उलटायचा. श्रीपादनं दार लावून घेतलं. उत्तर देणाऱ्याजवळ दुसरं कुणी नको, असा नियम होता.

"मत देताना सर्वांत जास्त विचार कशाचा केलात? पक्ष, उमेदवार, काम, की घरच्यांचा सल्ला?"

"घरच्यांचा सल्ला!" ऑड्री हसली. "महिनाभर या घरात दुसरं होतं काय? झोपेत पण किटली किटली करायचा."

"मग तेच लिहू?"

तिनं चार फुगे निथळायला काढले. "नको. काम लिहा."

मग त्यानं नमुन्याची मतपत्रिका आणि पेन्सिल पुढे केली. ज्याला मत दिलं त्याच्यापुढे फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची.

"माझे हात पिठाचे. तुम्हीच मारा."

"नाही ताई. ती तुम्हीच मारायची."

तिनं साबणानं हात धुतले, पदराला पुसले, पाठ फिरवून फुली मारली आणि कागदाची बारीक घडी पेटीत टाकली. तरी ती तिथेच उभी राहिली.

"कुणाला कळेल?"

"नाही. मी पण बघत नाही."

"पण मला ठाऊक आहे ना." तिनं गॅस बंद केला. "चार वर्षं दारातलं गटार तुंबायचं. त्या दुसऱ्या बाई उभ्या राहिलेल्या ना, त्यांनी उन्हात उभं राहून साफ करून घेतलं. वर झाकणं बसवली. गिल्बर्ट नवरा म्हणून सोन्यासारखा हो. पण कुणाला नाही म्हणायला जमत नाही त्याला. तो काय नगरसेवक होणार? म्हणून मी... आणि आता त्या सिरिलवर आळ. लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जायचा तो. माझ्या हातचं जेवून वाढला. आठ दिवस झाले, इकडे फिरकला नाही." तिनं बंद दाराकडे पाहिलं. "सांगू का हो बाहेर?"

श्रीपादनं फॉर्मची पानं सारखी केली. "हा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नाही, ताई. गुपित तुमचं. ठेवायचं ते तुम्ही, सांगायचं तेही तुम्हीच."

ऑड्रीनं फुग्यांची टोपली उचलली आणि ती बाहेर गेली.

"गिल्बर्ट, सिरिलला बोलाव. ते मत माझं. मी नाही दिलं तुला."

ट्रम्पेट वाजवणारा फ्लेव्हियन गाल फुगवून तसाच राहिला.

"तू?" गिल्बर्ट म्हणाला. "अगं, बटण चुकलं असेल."

"चुकलं नाही. चष्मा लावून दाबलं."

"पण का गो?"

"गटार."

आधी शेरॉनला हसू फुटलं, मग फ्लेव्हियनला, मग कुणालाच आवरेना. गिल्बर्ट झारा हातात धरून सगळ्यांकडे बघत राहिला. मग तडक पलीकडे गेला आणि झाऱ्यानंच भावाचं दार ठोकू लागला.

"ए सिरिल! बाहेर ये रे! माझ्या घरातच फुटलंय!"

सिरिल बाहेर आला. डोळे लाल होते, पण आवाज चढलेला. "सांगत होतो ना तुला? माझं दिलं, बायकोचं दिलं, सासूला रिक्षात घालून आणलं! आणि तू मला चोर ठरवलास!"

"चुकलं रे बाबा. नारळ घे तुला."

"नारळ की झाड?"

"झाड पण घे! आता जेवायला चल."

दोघं भाऊ एका बाकावर बसले. ऑड्री वाढायला आली तेव्हा गिल्बर्टनं हळूच विचारलं, "पुढच्या टायमाला तरी देशील?"

"आधी मागचा नाला साफ करून दाखव. मग बघू."

श्रीपादलाही कुणी उठू दिलं नाही. त्याच्यापुढे ताट आलं.

"अंकल," शेरॉननं विचारलं, "तुमच्या मिसेस कोणाला देतात मत?"

"सरोज आणि मी चौतीस वर्षं बरोबर जायचो मतदानाला," श्रीपाद म्हणाला. "तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

"बघा! म्हणूनच घोटाळे होतात," गिल्बर्ट म्हणाला. "आज घरी जाऊन पहिलं विचारा, साहेब!"

सगळे पुन्हा हसले. सरोजला जाऊन दीड वर्ष झालं होतं. फ्लेव्हियननं ट्रम्पेट परत तोंडाला लावलं, कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला.

"विचारतो," श्रीपाद म्हणाला, आणि ऑड्रीनं वाढलेला गरम फुगा त्यानं सावकाश मोडला.