आईच्या दुधाइतका कोमट

पिटोच्या, म्हणजे ज्वारीच्या फेसाळ दारूच्या, रसात खमीर कधी घालायचं, हे लग्न होऊन नांदोमला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला शिकवलं. ज्वारीच्या मोडांचा उकळलेला रस दुधाइतका कोमट झाला पाहिजे. "गाईच्या नव्हे, आईच्या," फिलोमेनाआई म्हणाल्या होत्या. ते दूध मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी कोपर बुडवून नुसती मान हलवली.

आता ठाऊक आहे. माझी लेक डेर आठ महिन्यांची झाली. तिचा बाप दक्षिणेत कोकोच्या मळ्यावर, आणि मला सोमवारी जिरापाला नर्सिंगच्या शाळेत हजर व्हायचं होतं, पोर मागे ठेवून.

"तू जा गं," सासूबाई म्हणायच्या. "मी पाच वाढवले. ही बोटभर पोरगी मला जड नाही."

पण लागोपाठ दोन बाजारांना त्यांची पिटो फसली होती. फेस नाही, काही नाही, नुसतं गोडमिट्ट पाणी. बाजारात झाडाखाली प्यायला बसलेल्या म्हाताऱ्या झिएमबाबांनी भोपळ्याच्या तुंबडीत नाक घालून विचारलं, "फिलोमेना, ही प्यायची, की हिनं पाय धुवायचे?"

"तुमच्या पायांना नदीचं पाणी पुरे आहे," सासूबाई म्हणाल्या. घरी येऊन मात्र त्यांनी सगळा दोष खमिराला दिला आणि शेजारणीकडून नवं सुकं खमीर मागून आणलं.

शनिवारी दुपारी मडक्यात रस निवत होता. सासूबाईंनी कोपर बुडवलं, "झाला," म्हणाल्या आणि खमिराचं भांडं उचललं. तेवढ्यात रसाचा एक थेंब माझ्या पावलावर उडाला. मी पाय झटकला आणि त्यांचं मनगट धरलं.

"आई, भाजतोय हा. खमीर मरेल."

"तुझी कातडीच लोण्याची."

"तुमचं कोपर बघा."

ते लालभडक झालं होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाचं बघावं तसं ते बघितलं. मग भांडं खाली ठेवलं.

"गेल्या सुगीपासून," त्या म्हणाल्या. "हातांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं. दोन्ही. तुला सांगितलं असतं तर तू जायला निघाली असतीस?"

माझं लक्ष मडक्याकडे नव्हतंच. भिंतीशी डेरचं अंघोळीचं घमेलं पालथं घातलेलं होतं. सोमवारपासून तिच्या पाण्यात हेच कोपर बुडणार होतं.

त्यांनीही तिकडेच बघितलं.

"मी गालाला लावून बघेन," त्या हलकेच म्हणाल्या. "गालाला कळतं अजून."

"आणि एखाद्या दिवशी विसरलात तर?"

चाळीस वर्षं त्यांचं कोपरच आधी पुढे जात आलं होतं. आताही, बोलता बोलता, ते पुन्हा मडक्याकडे निघालं होतं. त्यांनीच ते मागे घेतलं आणि पदराखाली धरलं.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भांडून निघून गेले असते. पण त्या मडक्याशेजारी माझ्यासाठी जागा करून बसून राहिल्या. रस निवायला आणखी तासभर लागला. "आता?" त्या विचारत, आणि मी कोपर बुडवून "अजून नाही" म्हणे. शेवटी मी मान डोलावली, तेव्हा खमीर त्यांनीच घातलं. रविवारी सकाळी फेस झाकणाबाहेर आला होता.

सोमवारी मी गेले नाही. "पोर अजून अंगावर पितं, हिलाच करमणार नाही," असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि मीही हसून हो म्हटलं. शाळेनं विचारलं तर तेच लिहीन.

आता रोज संध्याकाळी त्या गालाला लावून बघत डेरच्या अंघोळीचं पाणी विसणतात, माझ्यापुढे ठेवतात आणि दुसरीकडे बघत बसतात. मी कोपर बुडवते. बहुतेक वेळा पाणी अगदी बरोबर असतं, आणि तेच मला सोसत नाही.