क्रांतीचा मोठा फोटो

मी एक जुना फोटो प्रिंटर आहे, मित्रांनो. कोल्हापुरात केरबाच्या स्टुडिओत, कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसलो आहे. आता नवं मशीन आलंय, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण एके काळी काय रुबाब होता माझा! लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, सगळ्यांचे चेहरे माझ्यातूनच बाहेर पडायचे. फोटो झकास आला की कौतुक केरबाचं, बिघडला की चापट मला. असो.

एका दुपारी चंदगडकडचे पिराजी आणि धोंडुबाई आले. त्यांची एकुलती एक लेक क्रांती तापानं गेली होती. वर्षश्राद्धाला तिचा फोटो भिंतीवर लावायचा होता. पिराजीनं अर्ध्या दाराएवढी सागवानी फ्रेम आधीच करून आणली होती. फोटो मात्र मोबाईलमधला, व्हॉट्सअ‍ॅपवर या हातातून त्या हातात फिरून पार बारीक झालेला.

केरबा म्हणाला, "काका, ह्यो एवढा मोठा न्हाई यायचा. फाटंल, चेहराच वळखू यायचा न्हाई."

"का न्हाई? आमच्या गावात वाढदिवसाला घराएवढं बोर्ड लागत्यात की!"

"ते लांबनं बघायचं असत्यात, काका. हिच्यापाशी तुम्ही जवळ जाऊन उभं ऱ्हाणार."

पिराजी हटूनच बसला. मित्रांनो, फोटो म्हणजे रंगांचे ठिपके. कागद वाढवला म्हणून ठिपके वाढत नाहीत, नुसते फुगतात. मूठभर पिठात परातीएवढी भाकरी कशी थापायची? तरी मी जीव तोडून छापलं.

धोंडुबाईनं कागद हातात घेतला. डोळ्यांच्या जागी चौकोन, हसू पुसलेलं.

"ही माझी क्रांती न्हवं," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग केरबानं तोच फोटो पोस्टकार्डाएवढा छापायला लावला. आणि काय सांगू, त्यात क्रांती हसत होती! हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. त्या तिळावर बोट ठेवून धोंडुबाई हरखून म्हणाली, "अवं, तिच्या मोबाईलात मूळचा असंल की! तिचा मोबाईल पेटीत हाय न्हवं?"

पिराजीनं हातातली फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. "न्हाई गं. नवा घेताना एक्स्चेंजला दिला. म्हटलं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हाईतच की."

धोंडुबाई ओरडली नाही, भांडलीही नाही. हातातल्या फोटोकडे बघत एवढंच म्हणाली, "एवढीशीच उरली व्हय माझी पोर?"

केरबानं मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध तो छोटा फोटो चिकटवून फ्रेममध्ये बसवला. दोघं ती फ्रेम धरून स्टँडकडे गेली. माझ्या पोटातली शाई कोरडी पडली, पण ती दोघं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मित्रांनो, मूळ फोटो जपा रे. माणूस समोर आहे तोवर छापून घ्या. मला ठिपके छापता येतात, गेलेले परत आणता येत नाहीत. तिकडे चंदगडला ती माउली रोज भिंतीपाशी जाऊन उभी राहत असेल, अगदी जवळ. लांबून तिला लेक दिसतच नाही.