एका गाडीतले नऊ नेपोलियन

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. साफ खोटं. नाकावरचा राग लगेच उडून जातो. माझा एक राग सव्वीस वर्षं टिकला, आणि तो मी नीट सांभाळला. दर दिवाळीला फराळाबरोबर बाहेर काढायचा, सगळ्यांना दाखवायचा आणि परत ठेवून द्यायचा. आमच्या भावकीतल्या लहान पोरांनासुद्धा ती गोष्ट पाठ आहे.

गोष्ट अशी. १९९८ साली मी एकोणीस वर्षांची होते, जळगावला कॉलेजात होते आणि धुळ्याला एका वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. विषय होता ‘इतिहासातली सर्वांत थोर व्यक्ती’. प्रत्येकाला सात मिनिटं. माझ्या आधीच्या पोरानं नेपोलियन घेतला आणि टेबलावर हात आपटून आपटून तीन लढाया जिंकल्या. मी घेतला पांझरा नदीवर फड बसवणारा माणूस. फड म्हणजे माझ्या आजोळची पाण्याची पद्धत. नदीला बंधारा, गावाच्या जमिनीचे चार भाग, एका भागात एकच पीक, आणि पाणी सोडणार तो फक्त पाटकरी. पाणी कमी असेल त्या वर्षी एक भाग सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक भागात, त्यामुळे नुकसान सगळ्यांचं सारखं. माझ्या आईचे वडील, वनाआबा, त्या गावचे पाटकरी होते. तर शेकडो वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आलं, तो माझ्या मते नेपोलियनच्या दहा पट मोठा.

पाचव्या मिनिटाला परीक्षकांनी मला थांबवलं. “त्याचं नाव काय?”

“माहीत नाही.”

“नाव नसलेल्या माणसाला इतिहासात जागा नसते, बाळ,” ते म्हणाले, आणि टेबलावरची पितळी घंटा वाजवली.

“मग तो इतिहास तुमच्यासारख्यांनीच लिहिला असेल,” असं मी माईकमध्ये बोलले आणि खाली उतरले. पहिला नंबर नेपोलियनला. मला उत्तेजनार्थसुद्धा नाही. त्यानंतर मी कधी स्टेजवर चढले नाही. इतिहासाची शिक्षिका झाले, वर्गात रोज घसा कोरडा होईपर्यंत बोलते, पण स्नेहसंमेलनात कुणी माईक पुढे केला की माझे हात गार पडतात. हे मात्र मी दिवाळीत सांगत नाही.

परीक्षकांना सगळे नवल सर म्हणत होते.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भावाच्या मुलीनं, डिंपलनं, मला बाजूला घेतलं. ती जळगावला एका ठिबकच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिथलाच हितेंद्र नावाचा मुलगा तिला आवडला होता, आणि दोघांनी मोठ्या हुशारीनं ते ‘स्थळ’ म्हणून मध्यस्थामार्फत घरी आणवलं होतं. मुलगी बघून झाली होती. आता आमच्या माणसांनी मुलाचं घर पाहायला धुळ्याला जायचं आणि सुपारी फोडून यायचं, एवढंच बाकी होतं.

“आत्या, एक सांगायचं राहिलं,” डिंपल म्हणाली. “त्याचे वडील बघायला आले नव्हते ना, ते आजारी होते. ते रिटायर्ड शिक्षक आहेत. नवल सर.”

तिनं माझे दोन्ही हात धरले. “आत्या, प्लीज. तू तिथे काही बोलू नको ना.”

त्यात मध्यस्थ भिकनभाऊ आणखी एक बातमी घेऊन आले. सरांच्या बैठकीत एक मोठा फळा आहे. त्यावर जगातल्या दहा थोर माणसांची यादी. पाहुणे यायचे म्हटलं की सर त्यावर जुन्या साडीचा पडदा ओढतात आणि प्रत्येकाला विचारतात, इतिहासातला सगळ्यात थोर माणूस कोण? उत्तर दिल्याशिवाय चहा नाही. सरांच्या थोरल्या मुलीला आलेलं एक चांगलं स्थळ म्हणे ‘सिकंदर’ या एका शब्दावर परत गेलं होतं.

“पण मी काम करून आलो,” भिकनभाऊ म्हणाले. “पडदा अर्धा सरकेल होता. फोटोच मारला.” त्यांनी मोबाईल पुढे केला. भिकनभाऊंच्या कुठल्याही फोटोत निम्मा त्यांचा अंगठा असतो. उरलेल्या निम्म्यात खडूनं लिहिलेला आकडा एक आणि त्यापुढे ‘नेपोलियन’ एवढंच दिसत होतं.

मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. माणूस सव्वीस वर्षांत इंचभरही हललेला नव्हता.

रविवारी जामनेरहून क्रूझर निघाली. आम्ही दहा जण. माझा भाऊ पितांबर, बेबाबाई वहिनी, गाडी चालवायला चुलतभाऊ योगराज, भिकनभाऊ, दोन काका, दोन काकू, मोठे मामा आणि मी. एरंडोलपर्यंत नेपोलियन या शब्दाचा उच्चार पक्का झाला. पारोळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा मामा ‘लेपोलियन’वर आले होते, ते भाऊनं चालवून घेतलं.

मग तो माझ्याकडे वळला. “हे पाय नूतन, तुले हात जोडतो. तिथी तोंड उघडायचं ते चहा प्यायले. त्यायनं इचारलं तर एकच शब्द. नेपोलियन. पोरगी दोन दिवसांपासून जेवली नाही, मले माहीत आहे.”

“सांगेन,” मी म्हणाले. डिंपलसाठी मी विषसुद्धा प्यायले असते. नेपोलियन त्याहून कडू होता, पण ठीक आहे.

धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. घर साधं, नेटकं. हितेंद्रनं पाणी आणून दिलं. त्याची आई यशोदाबाई दारातच म्हणाली, “या, बसा. मास्तर इचारतीन काहीबाही, मनवर लेवू नका.” समोरच्या भिंतीवर हिरव्या साडीचा पडदा होता, आणि त्याखाली खुर्चीत नवल सर. केस सगळे पांढरे झालेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि नजर पुढे गेली. ओळखलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं मी ज्याच्यावर रागावले, त्या माणसाला ते माहीतसुद्धा नव्हतं!

“महाराज आणि बाबासाहेब यांना आपण मोजत नाही,” सर म्हणाले. “ते यादीच्या वर. त्यांच्याखाली जगातला सगळ्यात थोर माणूस कोण? तुमच्यापासून सुरू करू.”

“नेपोलियन,” भाऊ म्हणाला.

“नेपोलियन,” वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरला. योगराजनं “नेपोलियन, फ्रान्सवाले” असं म्हणून जादा गुण मिळवायचा प्रयत्न केला. काका, काकू, दुसरे काका, दुसऱ्या काकू. मामांना ऐन वेळी आठवेना. ते म्हणाले, “हाच तो. मघापासून चालू आहे तो.” शेवटी भिकनभाऊ, छाती पुढे काढून.

सर सगळ्यांकडे बघत राहिले. “एका गाडीत नऊ नेपोलियन,” ते म्हणाले. “जामनेरहून आलात की वॉटर्लूहून?”

कुणी हसलं नाही. नेपोलियन जिथे हरला ते वॉटर्लू कुठल्या तालुक्यात, तेही माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

सरांनी उठून पडदा अर्धा सरकवला. भिकनभाऊंच्या अंगठ्याखाली जे लपलं होतं, ते आता सगळ्यांना दिसलं. वर ठळक अक्षरात मथळा होता, ‘यादीतून काढून टाकलेले’. त्याखाली पहिला नेपोलियन: माणसं बर्फात नेली, गरम कपडे नेले नाहीत. दुसरा सिकंदर: घरून निघाला तो परत आलाच नाही. तिसरा कोलंबस: पत्ता चुकला आणि कबूल केलं नाही.

“उत्तर चुकलं तर मला चालतं, पितांबरभाऊ,” सर म्हणाले. “पाठ केलेलं चालत नाही. या घरात रोज भांडण होतं, पण खरं होतं. उद्या मुलीलाही असंच पाठ करून पाठवणार का? सासऱ्याला आवडेल तेच बोल म्हणून? मग मला जरा विचार करावा लागेल.”

भाऊचा चेहरा पडला. हातातली टोपी तो नुसती फिरवत राहिला. हितेंद्र स्वयंपाकघराच्या दारात रिकामा ट्रे धरून उभा होता, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाईल वाजून वाजून थांबला. डिंपलचाच असणार. आतून यशोदाबाई म्हणाली, “नऊ नेपोलियन गाडीमा बसीन उनात, एक तरी माणूस उना का?”

“अजून एक बाकी आहेत,” सर म्हणाले. “बोला, ताई. दहावा?”

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. काय खुणावावं, हे त्यालाही कळत नव्हतं. नेपोलियन तर बुडालाच होता. मी उठून उभी राहिले. हात गार पडले.

“पांझरेवर पहिला फड बसवला तो माणूस,” मी म्हणाले. “नाव माहीत नाही. आणि नाव माहीत नाही म्हणून तो लहान होत नाही, सर. अठ्ठ्याण्णव साली तुम्ही घंटा वाजवून मला खाली उतरवलं. मी तेव्हा उद्धट बोलले, ते चुकलं. पण जे सांगत होते ते बरोबरच होतं. माझी भाची त्या वेळी जन्मलीही नव्हती. माझ्या रागाचा तिच्याशी काही संबंध नाही. ती खरं बोलणारी पोरगी आहे. पाठ करून आलो ते आम्ही. तिनं फक्त मला गप्प बसायला सांगितलं होतं, आणि तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही.”

भाऊनं डोळे मिटून घेतले. वहिनी देवाचं नाव घेत होत्या, ते मला ऐकू आलं.

सरांनी उरलेला पडदा सरकवला.

उजवीकडे दहा नावं होती. प्रत्येक नावासमोर दुसऱ्या रकान्यात ते सुचवणाऱ्याचं नाव. लुई पाश्चरसमोर ‘अभिमन दूधवाले’. अहिल्याबाईंसमोर ‘सौ. यशोदा’. सम्राट अशोकासमोर ‘पुना शिंपी, तीन दिवस वाद घालून’. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर: ‘फड बसवणारा पहिला माणूस’. त्याच्यासमोरचा रकाना कोरा. कोरा म्हणजे फळ्याचा तेवढा तुकडा जुना काळा होता. बाकी सगळीकडे पुसून पुसून पांढुरका झालेला.

“मी दर दिवाईले फळा पुसस,” यशोदाबाई दारात येऊन म्हणाली. “पण तठे हात लावू देत नही. सांगतस, त्या फडवाली पोरनी जागा शे.”

“स्पर्धा झाली आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीनं साक्रीकडे गेलो,” सर म्हणाले. त्यांचा मास्तरी आवाज कुठेतरी गेला होता. “बंधारा पाहिला. एका पाटकऱ्याबरोबर दिवसभर पाटानं हिंडलो. धुळ्यात जन्म काढला आणि तोवर पाहिला नव्हता. आयोजकांकडे तुमचं नाव विचारलं, त्यांनी कागद रद्दीत घातले होते. म्हणजे बघा, मला पहिला नंबर मिळाला तो नाव नसलेला, आणि तो देणारीही नाव नसलेली. चांगली शिक्षा झाली मला. चुकलं माझं.”

सव्वीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. ऐकल्यावर काय काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी कोऱ्या जागेत ‘नूतन’ असं लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात ‘वना पाटकरी यांची नात’.

सरांनी चष्मा लावून वाचलं. “अक्षर अजून रागावलेलंच आहे,” म्हणाले.

“म्हणजे, सर,” भाऊनं हळूच विचारलं, “सुपारीचं काय करायचं?”

“सुपारी फोडा हो. ते पोरांनी कधीच जमवलंय, आपण उगाच गाड्या पळवतोय.” हितेंद्रचा ट्रे खाली पडला आणि तो मोबाईल घेऊन मागच्या दारी पळाला. यशोदाबाई चहा गाळायला वळली, तसं सरांनी हात वर केला. “चहा थांबव. आधी एक काम राहिलंय.”

त्यांनी कपाटातून ती पितळी घंटा काढली. काळवंडली होती. टेबलावर न ठेवता त्यांनी ती दिवाणावरच्या उशीखाली सारली आणि खुर्चीत ताठ बसले.

“सात मिनिटं होती तुम्हाला. मी पाचव्याला वाजवली,” ते म्हणाले. “दोन राहिली आहेत. बोला.”

मी फळ्यासमोर उभी राहिले. समोर नऊ नेपोलियन हात जोडून बसले होते. पाणी, पाट, वनाआबांचं फावडं, कोरडा ठेवलेला चौथा भाग, जिथे थांबले होते तिथूनच सुरू केलं. दोन मिनिटांची वीस झाली असतील. चहाला दोनदा उकळी आली. भाऊनं चार वेळा घड्याळ पाहिलं. सरांनी एकदाही पाहिलं नाही.