वकीलसाहेबांच्या गाडीचे धक्के

आमच्या ह्यांचा पाय जड आहे, असं सबनीस वकिलांनी चारचौघांत सांगितलं. कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. हे साहेबांचे ड्रायव्हर. व्यासपीठाजवळ येताना गाडीनं असा हिसका दिला की साहेबांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. लोक हसले. मग साहेब वर गेले आणि मुंबई गिरणगावच्या घामावर कशी उभी आहे, ते तासभर बोलले. मीही टाळ्या पिटल्या. भाबडेपणा, दुसरं काय.

खाली उतरल्यावर ह्यांना म्हणाले, "लवू, रविवारपर्यंत हे धक्के थांबले नाहीत तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

गाडी अमेरिकन. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. म्हणजे नीट चालली तर गाडीचं कौतुक आणि बिघडली तर ड्रायव्हरचा पाय. गॅरेजवाला तर अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणत होता. ते ऐकल्यावरच साहेबांना ह्यांचा पाय सापडला.

रविवारी हे गाडी घेऊन लालबागला आमच्या चाळीत आले. इंजिन तापलेलं होतं, ते चालूच ठेवलं आणि मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

"ब्रेकावरचो पाय काढू नको हां," हे म्हणाले.

पट्टी बाहेर काढून त्यांनी गिअरचं तेल पाहिलं, बोटावर घेऊन हुंगलं. तेल खुणेपर्यंत होतं, रंग लाल होता, जळका वास नव्हता. म्हणजे आतलं सगळं शाबूत होतं. मग इंजिन बंद करून हे गाडीखाली शिरले. अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक सळई जाते. पाय किती दाबलाय, ते गिअरबॉक्सला तिच्यावरून कळतं. तिचा नट ढिला होऊन सरकला होता. पाय हलका ठेवला तरी गिअरबॉक्सला तो दाबल्यासारखाच वाटायचा आणि गिअर उशिरा, हिसका देऊन पडायचा.

हे नट थोडा फिरवायचे, परळच्या पुलापर्यंत चक्कर मारून यायचे, पुन्हा खाली शिरायचे. जेवण झाकून राहिलं. शेवटच्या चकरेला मला मागे बसवलं आणि हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला. परत आलो तेव्हा माझं लुगडं कोरडं होतं. नोकरी वाचली म्हणून मला रडूच आलं.

संध्याकाळी गाडी पोचवायला दादरला साहेबांच्या घरी निघाले, तेव्हा मलाही चल म्हणाले. साहेबांनी स्वतः चक्कर मारली आणि बायकोला हाक मारली.

"अंबिका, बघ तरी. गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही. आता तूही चालवशील."

बाई हसल्या. साहेब जरा विचारात पडले, मग ह्यांच्याकडे वळले.

"लवू, खरं तर आता ड्रायव्हरची गरजच उरली नाही. महिनाभर बाईंना शिकव आणि मोकळा हो. तुझ्यासारख्या हुशार मराठी माणसाला काम कुठेही मिळेल."

"बरं साहेब," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "उद्या तो नट परत ढिलो करा."

"बाई नवी हा. कोणाच्या अंगार गाडी गेली तर?"

महिनाभर हे रोज गेले. इतकं मन लावून शिकवलं, की शेवटी शेवटी हे नुसते शेजारी बसून असायचे.