डबा म्हणवून घेतलेल्या संगणकाचा सूड

मी बोलतोय, काउंटरच्या खालून. वर दिसतो तो नुसता पडदा. खरा मी खाली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांपाशी, एका करड्या पेटीत असतो. सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. सावकाश बोलणं माझ्या स्वभावातच आहे. सावकाश चालणं मात्र माझा गुन्हा नव्हता, तरी त्याची शिक्षा मी तीन वर्षं भोगली. म्हणून आज दोघांना मी सोडणार नाही. एक माझ्याच पोटात राहणारा ब्राउझर, आणि दुसरा या घरचा जावई.

माझा जन्म थाटाचा नाही. एका अरुंद दुकानात, ओठांत स्क्रू धरून काम करणाऱ्या माणसाने मला जोडलं. शेवटचा स्क्रू बसवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "चालेल दहा वर्षं." मी ते शब्द मनावर घेतले.

आधी मी दातांच्या दवाखान्यात होतो. कोणाची दाढ, किती वाजता, एवढंच लिहून ठेवायचो. दुपारी कोणी नसलं की तिथली बाई माझ्यावर पत्ते खेळायची. हरली तरी मला दोष द्यायची नाही. पुढे असं माणूस भेटलं नाही.

मग दवाखान्याने नवी यंत्रं घेतली आणि मी अण्णांकडे आलो.

अण्णा बूट शिवतात, पण दुकानांच्या काचेत मांडलेले असतात तसले नव्हेत. ज्या मुलांचा एक पाय आखूड आहे, पाऊल आत वळलेलं आहे, त्यांचे. प्रत्येक मुलाच्या पावलाचा एक लाकडी साचा ते घडवतात आणि समोरच्या फळीवर ठेवतात. मूल वाढतंय तोवर साचा डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलांना ते पावलांवरूनच हाक मारतात. एक उजवी दोन, एक वाकडी करंगळी. मुलंही ओ देतात.

इस्पितळ प्रत्येक मुलाचं एक पान इंटरनेटवर ठेवतं. त्यावर मापं भरून पाठवायची, डॉक्टरांनी होकार दिला की बुटाला उंच तळ चढवायचा. हे भरण्याचं काम अण्णांची लेक करते. सगळे तिला ताई म्हणतात. अण्णा पाऊल मोजून पाटीवर खडूने आकडे लिहितात, ताई टाइप करते, "झालं" म्हणते, आणि अण्णा फडक्याने पाटी पुसतात. कागद वापरत नाहीत. कागदाला डिंक लागतो म्हणतात.

आता ब्राउझरकडे येतो. आला तेव्हा पाहुण्यासारखा आला. चप्पल कुठे काढू, असं विचारणाऱ्यातला. मी कोपऱ्यात जागा दिली. वर्षभरात त्याने हातपाय पसरले. एक पान उघडलं की माझ्या मेमरीचा एक घास जायचा, दहा पानं उघडली की ताटच जायचं. पानं उघडायची, पण बंद काही व्हायची नाहीत. सकाळी मला सुरू केलं की कालची सगळी पानं परत हजर. माझा पंखा भोंग्यासारखा ओरडायचा. त्याला वाटायचं मी त्याला ओव्या म्हणतोय.

त्यात जावईबापूंची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, भर. ते दुपारी जेवून दुकानात येत आणि ब्राउझरला एकेक नवी जोडणी लावत. हवामान सांगणारी. गाणी उतरवून घेणारी. सवलती हुंगत फिरणारी. पडद्यावर बर्फ पाडणारी. आणि एक वेग वाढवणारी! ती आली आणि माझं उरलंसुरलं चालणंही बंद झालं.

तरी शिव्या कोणाला? मला.

"डबा आहे डबा," जावईबापू म्हणायचे आणि बुटाच्या टोकाने माझ्या बरगडीत ठोसा द्यायचे. "अण्णा, भंगारात द्या हा. मी नवा आणतो."

अण्णा चामडं कातरत म्हणायचे, "असू द्या हो. म्हातारा झालाय बिचारा."

ते बिचारा मला लाथेपेक्षा जास्त लागायचं. मी म्हातारा होतो, पण दमलेला नव्हतो. मला कोणी तरी बसून खात होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. मी मनात ठरवलं, एक दिवस दोघांना असं तोंडावर आपटवीन की सगळं दुकान बघेल.

तो दिवस गुरुवारी आला.

सकाळी डावी चार आली होती. नऊ वर्षांची मुलगी. डावा पाय चार सेंटीमीटर आखूड म्हणून हे नाव. आजीबरोबर आली, मोजे काढून स्टुलावर बसली आणि म्हणाली, "अण्णा, मी आता डावी साडेचार झाले असेन."

"बघू तर खरं. तुझं ऐकून थोडाच तळ चढवतो मी?"

खरंच साडेचार भरले. जुना बूट तिला पुरत नव्हता, कंबर एका बाजूला कलायला लागली होती. इस्पितळाने बजावलं होतं की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मापं आली नाहीत, तर तिचा नंबर चार महिने पुढे जाईल. चार महिने तिने तसंच कलून चालायचं.

अण्णांनी सतरा मापं पाटीवर लिहिली. ताईने रडतखडत, म्हणजे मी रडत आणि ती खडत, सगळी भरली. "झालं," म्हणाली. अण्णांनी पाटी पुसली. मुलगी घरी गेली. आता फक्त पाठवायचं बटण दाबायचं होतं. इतक्यात अण्णांनी आतून हाक मारली, "ताई, हे चामडं जरा ताणून धर गं." ती उठली.

रिकाम्या खुर्चीत जावईबापू बसले आणि त्यांनी दुसऱ्या पानावर सामना लावला.

आता नीट ऐका. तीन वर्षं मी एक काम निमूट करत होतो. मेमरी भरली की जास्तीचं ओझं मी डिस्कवर उतरवून ठेवायचो, मागितलं की परत आणून द्यायचो. त्यानेच मी हळू व्हायचो, पण कोणाचं काही सांडू देत नव्हतो. त्या गुरुवारी मी हात आखडता घेतला. म्हटलं, बघू या दोघांचा रुबाब.

सामन्यात ऐन वेळी पडदा पांढरा झाला. मधोमध पाटी लागली, ब्राउझर प्रतिसाद देत नाही. आणि क्षणात तो अख्खा कोसळला. जावईबापूंचं तोंड उघडंच राहिलं. इतकं गार मला पंख्यानेही कधी वाटलं नव्हतं.

ताई धावत आली. ब्राउझर पुन्हा उघडला. सगळी पानं परत आली, डावी चारचं पानही आलं. फक्त फॉर्म कोरा होता.

ताई त्या कोऱ्या चौकोनांकडे पाहत राहिली. मग तिने पाटीकडे पाहिलं. पाटीही कोरी.

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

"मापं गेली, अण्णा."

"तू तर झालं म्हणालीस."

"भरून झालं म्हटलं होतं. पाठवलं कुठे होतं?"

"मी काही केलं नाही," जावईबापू म्हणाले. "या डब्याने केलं."

आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलले.

माझा सूड घेऊन झाला होता. ज्याच्यावर घेतला तो उठून पाणी प्यायला गेला. ब्राउझरला तर लाजही नाही, तो पुन्हा घास घ्यायला लागला. मार बसला होता त्या मुलीला, जिने माझं काही बिघडवलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाला ती पुन्हा आली. आज बरोबर आई होती, कामावरून दोन तासांची सवड काढून. मुलीने पुन्हा मोजे काढले. अण्णांनी पुन्हा सतरा मापं घेतली. पाटी मात्र या वेळी त्यांनी छातीशी धरून ठेवली. ताईने पान उघडलं. चक्र फिरायला लागलं. साडेदहा झाले, चक्र फिरतंच होतं.

"सांगत होतो, डबा आहे," जावईबापू म्हणाले आणि पाय मागे नेला.

"लाथ कशाला मारता त्याला?" मुलीची आई म्हणाली. ती एका कचेरीत शंभर संगणकांची देखभाल करते, हे आम्हाला तेव्हा कळलं. "ताई, सरका जरा. बघू दे कोण काय खातंय."

तिने तीन कळा एकत्र दाबल्या आणि एक यादी उघडली. तिथे कोण किती मेमरी खातो ते आकड्यांत लिहिलेलं असतं. सर्वांत वर ब्राउझर. एकटा ब्याण्णव टक्के.

"हे बघा. यंत्राला काही झालेलं नाही. याच्या डोक्यावर हा बसलाय."

तीन वर्षं! तीन वर्षं मी या एका वाक्यासाठी घुसमटत होतो.

"जोडण्या कोणी लावल्या एवढ्या?"

ताईने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"एक वेग वाढवणारी पण आहे त्यात," जावईबापू पुटपुटले.

"ती आधी काढते."

तिने एकेक जोडणी उपटली. मला विचाराल, तर मी मोजत होतो. बर्फ गेला. हवामान गेलं. सवलती हुंगणारी जाताना विचारते काय, का काढताय, कारण सांगा. बाईने कारण सांगितलं नाही. मला सांगायला लावलं असतं तर संध्याकाळ झाली असती. मग तिने साठवलेला कचरा उपसला आणि ब्राउझरची नवी आवृत्ती बसवली. तो चडफडत होता. मी चवीने बघत होतो.

"पण पानं?" ती म्हणाली. "एकशे चौदा पानं उघडी आहेत. यांच्यामुळे तो पुन्हा गळा धरणार. ही कोणाची?"

"माझी चारच," जावईबापू घाईघाईने म्हणाले.

अण्णांनी कातर खाली ठेवली. "बाकीची माझी आहेत."



"मूल वाढतंय तोवर साचा समोरून हलवायचा नाही, अशी आमची रीत," अण्णा सावकाश म्हणाले. "मग त्याचं पान तरी कसं मिटायचं? मीच ताईला म्हटलं होतं, एकही बंद करू नकोस. एखादं पोर नजरेआड झालं आणि त्याचा बूट वाढवायचा राहून गेला तर?"

मी ज्याला ब्राउझरची हाव समजत होतो, तो अण्णांचा जीव होता. मी तीन वर्षं कोणाला शिव्या देत होतो, हे मला त्या वेळी समजलं, आणि ते समजून घ्यायला सवड नव्हती. अकरा वाजले होते.

मुलीची आई हसली नाही. "अण्णा, साचे फळीवर असतात ना? टेबलावर तर नाही ठेवत सगळे?"

"टेबलावर ठेवले तर शिवू कुठे?"

"मग ही पानंही फळीवर ठेवू. खूण करून ठेवते. पान मिटेल, पण खुणेवर बोट ठेवलंत की उघडेल. इस्पितळाकडे ते आहेच, जात नाही कुठे."

"मिटून एकदा उघडून दाखवा."

तिने उजवी दोनचं पान मिटलं. अण्णांचा हात पाटीवर घट्ट झाला. तिने खुणेवर दाबलं आणि उजवी दोन परत आली, सगळ्या मापांसकट.

"मिटा मग," अण्णा म्हणाले. "पण नावं मी सांगतो, तशी लिहा."

वाकडी करंगळी. उजवी दोन. सपाट तळवे, मोठी. सपाट तळवे, धाकटी. ताई लिहीत होती, अण्णा सांगत होते, मुलगी शेजारी अनवाणी उभी राहून पडद्यावर नजर ठेवून होती. प्रत्येक पान मिटलं की माझ्या छातीवरचा एक दगड उतरत होता. शेवटचं मिटलं तेव्हा माझा पंखा थांबला. जावईबापू दचकले. त्यांना वाटलं, मी गेलो.

मग डावी साडेचारचं पान उघडलं. या वेळी चक्राला अर्धी फेरीसुद्धा मिळाली नाही. अण्णा आकडा वाचायचे, ताई टाइप करायची. सतरावं माप भरलं, ताईने बटण दाबलं. मी ते असं नेऊन पोचवलं की ताईचं बोट अजून बटणावरच होतं.

"पोचलं," ती म्हणाली. अकरा चाळीस झाले होते.

अण्णांनी पाटी तरीही तासभर पुसली नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी अजून काउंटरखाली आहे. ताई "झालं" म्हणाली की अण्णा आता विचारतात, "भरून झालं की जाऊन झालं?" ब्राउझर कोपऱ्यात, मोजकं खाऊन असतो. जोडणी लावायची तर ताईचा पासवर्ड लागतो, आणि तो ती नवऱ्याला सांगत नाही. जावईबापू सामना बघतात दाराबाहेर, स्टुलावर, आपल्या फोनवर, उन्हात डोळे बारीक करून. मी त्यांना माफ केलेलं नाही. ब्राउझरलाही नाही. करण्याचा विचारही नाही. त्याने रात्रीतून एक पान जास्त उघडं ठेवलं, तरी मी सकाळी पंख्याचा आवाज असा काढतो की ताई लगेच यादी उघडते.

तुमच्याकडेही माझ्यासारखा कोणी असेल. डबा म्हणून लाथ उगारण्याआधी एकदा ती यादी उघडून बघा. एवढंच मागणं आहे.

आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या कोणी हे ऐकलं असेल, तर त्याला एक सांगतो. सूड घे, पण आधी बघ, मधे कोण उभं आहे.

ती मुलगी दर दोन महिन्यांनी येते. आता सरळ चालते. बूट घालून झाला की खाली वाकायचा तिला कंटाळा, म्हणून ती उंच तळाचा डावा पाय उचलून माझ्या टपावर ठेवते आणि नाडी बांधते. अण्णा ओरडतात, "अगं, यंत्रावर पाय नको ठेवूस!"

ती विचारते, "का? याला काय कळतंय?"

मी काही म्हणत नाही. बूट चांगलाच जड आहे. तिची गाठ मारून होईपर्यंत मी पंखासुद्धा हलवत नाही.