कपारीतली पिल्लं

कपारीत बिबटिणीची दोन पिल्लं आहेत, हे डोंगरावर फक्त ताईला ठाऊक होतं. पाहुण्यांना प्राणी दाखवणं हे तिचं काम; पण पिल्लं आईमागे चालायला लागेपर्यंत तोंडाला कुलूप, असं तिने ठरवलं होतं. सख्ख्या भावालाही ती बोलली नव्हती. भाऊ खालच्या वाळवंटात पाहुण्यांची जीप चालवायचा आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

त्या सकाळी तो वेळेआधीच पाहुण्यांना घेऊन वर आला.

"ताई, लाज राख गं," तो पायवाटेवरूनच ओरडला. "खाली हरीण नाही, ससा नाही. एका कोल्ह्याने पाठ दाखवली, तेवढंच."

"तुझी जीप ऐकून कोण थांबेल?"

"टोमणे नंतर मार. आधी या मावशींना हात दे."

मावशींना धाप लागली होती. ताई उतरली. निघताना तिने तिपाईवरच्या दुर्बिणीचा स्क्रू घट्ट आवळला. कड्यावरच्या वाऱ्याने दुर्बीण फिरते, म्हणून सोडून जाताना ती आवळायचीच. हाताला सवयच अशी पडलेली, की दुर्बीण कुठे रोखलेली आहे हे डोक्यातच आलं नाही. मावशींचा हात धरला तेव्हा आलं. तोवर भाऊ वळसा घालून वर पोचला होता.

"अरे बापरे! पिल्लं! दोन-दोन!"

"फिरव ती! दुसरीकडे फिरव!"

कोण ऐकतंय? पाहुण्यांना दुर्बिणीने भागेना, जवळून फोटो हवे होते. भाऊच त्यांना घळीतून कपारीखाली घेऊन निघाला.

"वर पाऊल टाकू नकोस," ताईने त्याचा दंड धरला. "ती पिल्लं टाकून जाईल."

"आई कुठे पिल्लं टाकते का? काहीतरीच तुझं," तो हात सोडवून हसला.

बिबटीण मागच्या अंगाने उतरून गेली. दुसऱ्या दिवशीही परतली नाही. पिल्लं कपारीच्या तोंडाशी यायची, खाली बघायची, पुन्हा आत जायची. ताईचा जीव वर धावत होता. पण तिथे आणखी माणसाचा वास राहिला, तर बिबटीण यायची असली तरी यायची नाही. म्हणून ती समोर बसून नुसती बघत राहिली. मग एकच पिल्लू बाहेर येऊ लागलं. मग तेही येईना.

भावाचा फोन आला तेव्हा ती तिथेच होती.

"ताई, तुझी बिबटीण वाळवंटात! भर दुपारी जीपसमोरून गेली. पाहुणे नुसते वेडे झाले. आता कोण चढतंय तुझा डोंगर!"

"मागे पिल्लं होती?"

"नाही गं, एकटीच. पण काय डौल! तू असायला हवी होतीस."

"खूप लांब गेलीये का?"

"लांब म्हणजे? पार वाळूच्या टेकड्यांपलीकडे. का गं?"

ताईने फोन ठेवला. आता कपारीपाशी जायला हरकत नव्हती.