दोन्ही बाजूंनी बंद

“हाही बंद!” म्हणत यांनी तो व्हॉल्व्ह माझ्या शिलाई मशीनवर आपटला. “दोन्ही बाजूंनी बंद. व्हॉल्व्ह विकतो की बुचं विकतो हा माणूस?”

आणि मग खोकला. मी मशीन थांबवलं, पण पाणी पुढे केलं नाही. पाणी पुढे केलं की “मला काय धाड भरलीय?” हे ठरलेलं.

आमचं गॅरेज म्हणजे एका शटरमागे दोन धंदे. अर्ध्या भागात हे मोटरसायकली दुरुस्त करतात, उरलेल्यात मी सीटची कव्हरं शिवते. त्या दिवशी गाडी आमच्या लेकीची होती. ती डोंगरावरच्या शाळेत शिकवते. इंजिनात कोंडलेली हवा बाहेर सोडायला ब्रीदरची एक नळी असते. रोजच्या चढाला त्या नळीतून हवेबरोबर ऑइलही फिल्टरमध्ये जायचं, फिल्टर चिकट व्हायचा आणि गाडी भर चढात बंद पडायची. यांनी ठरवलं, नळी फिल्टरपासून सोडवायची, मध्ये एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह घालायचा आणि टोक एका बाटलीत सोडायचं. हवा बाहेर जाईल, परत आत शिरणार नाही, ऑइल बाटलीत साठेल.

“आणि उलटा बसला तर?” मी विचारलं होतं.

“तर हवा आत कोंडून सील उडेल. ऑइल मागच्या चाकावर, आणि पोरगी वळणावर आडवी.”

व्हॉल्व्हवर दिशेचा बाण छापलेला असतो, पण यांचा छापील गोष्टींवर विश्वास नाही. तोंडाने फुंकून पाहिल्याशिवाय यांनी आजवर एकही व्हॉल्व्ह गाडीत घातलेला नाही.

सकाळी पहिला व्हॉल्व्ह असाच बंद निघाला तेव्हा यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडण आवरायला म्हणून मीही दुकानात गेले. पार्टवाला शेठ असा, की विकलेला माल परत घ्या म्हटलं तर कुणीतरी किडनी मागितल्यासारखं तोंड करतो. यांनी गिऱ्हाइकांसमोर त्याचा यथेच्छ उद्धार केला. शेठने व्हॉल्व्ह घेतला, पाठ फिरवून तोंडाला लावला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग मुकाट्याने दुसरा काढून दिला.

“हा न्या, मास्तर.” आणि मला हळूच म्हणाला, “वहिनी, मास्तरांना जरा सांभाळा.”

“लग्न झाल्यापासून तेच करतेय,” मी म्हणाले. मला वाटलं, भांडकुदळ नवऱ्याला आवरा म्हणतोय.

आता दुसराही बंद. हे तोंड धुवायला मागच्या नळावर गेले आणि मी तो व्हॉल्व्ह उचलला. उगीच नाही उचलला. अलीकडे हे जिना चढताना मध्येच थांबायचे. “चपलेत काहीतरी टोचतंय,” म्हणत कठड्याला टेकून चप्पल झटकायचे. चपलेत कधी काही नसायचं.

मी व्हॉल्व्ह तोंडाला लावून फुंकला. आतली स्प्रिंग जरा कडक होती, पण हवा सुर्रकन गेली. उलटा धरून फुंकला, तर गच्च बंद. अगदी पाहिजे तसा. म्हणजे सकाळचाही चांगलाच असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही, तीही भर दुकानात.

वळून पाहिलं तर हे ओल्या तोंडाने मागे उभे.

“गेली हवा?”

“थोडी… अडकतच होती,” मी म्हणाले. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं वाटलं मला. बाणाच्या दिशेने बसवू, कुणाला काय कळतंय?

“खोटं बोलू नकोस. पोरीच्या गाडीत बसवायचाय.”

मला रडूच फुटलं. “गेली. सहज गेली.”

“दुसऱ्या बाजूने?”

“नाही जात.”

“मग बरोबर आहे.”

हे स्टुलावर बसले. बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत आणि मोडत राहिले. मग म्हणाले, “शेठला सकाळीच कळलं होतं.”

“हो.”

“एवढ्या शिव्या खाल्ल्या, पण चारचौघांत बोलला नाही.”

मला शेठच्या त्या गप्प राहण्याचा राग आला, आणि त्याचे पाय धरावेत असंही वाटलं.

व्हॉल्व्ह यांनीच बसवला. नळी कापली, बाटली गाडीच्या चौकटीला बांधली. मात्र इंजिनाकडचं टोक जोडायच्या आधी ते माझ्यासमोर धरलं. “इथून फुंक.” मी फुंकलं. बाटलीत हवा वाजली. यांनी मान हलवली आणि क्लिप आवळली.

संध्याकाळी लेक आली. चढावर एक फेरी मारून परतली ती हसतच. “बाबा, गाडी कशी पळतेय! कुठे अडखळलीसुद्धा नाही.”

“उद्या शाळेत रजा टाक,” हे म्हणाले. “मला मोठ्या दवाखान्यात ने.”

तिचं हसू मावळलं. डॉक्टरला दाखवा म्हणून हीच किती दिवस मागे लागली होती, पण यांनी दाद दिली नव्हती.

“काय झालं, बाबा?”

“आईला विचार. आज तपासणी तिने केली.”

ती माझ्याकडे वळली. हे तोवर फडकं घेऊन तिच्या गाडीची टाकी पुसायला लागले होते. टाकी स्वच्छच होती.